घाट सर्वांचा

पाठीला सुकलेला भोपळा बांधून नदीच्या डोहात पहिली उडी घेणारे मूल क्षणभर घाबरते. दुसऱ्याच क्षणी पाणी आपल्याला उचलून धरते आहे, हे त्याच्या ध्यानी येते आणि भीतीची जागा आनंद घेतो. या आनंदाला ना पैसा लागतो, ना विद्या. निसर्गाने दिलेल्या सुखांत इतके सर्वसुलभ सुख विरळाच. तथापि आपल्या देशात पाण्याचा काठ सर्वांना सारखाच मोकळा होता, अशी ग्वाही इतिहास देत नाही. पाण्याने कोणाला अडविले नसेल. घाटावरच्या माणसांनी मात्र अडविले.

अनेक गावी वरचा पाणवठा सवर्णांचा आणि प्रवाहाच्या खालच्या अंगाचा अस्पृश्य मानलेल्यांचा, अशी वाटणी असे. जेथे ओंजळ भरणेही निषिद्ध, तेथे मनसोक्त पोहण्याची गोष्ट दूरच राहिली. 1868 साली जोतीराव फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना मोकळे असावेत असे ठरविले. परंतु ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्यायले. विरोधकांनी पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि प्रकरण न्यायालयात नेले. मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय मिळण्यास 1937 साल उजाडावे लागले. 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी व तलाव यांच्याबरोबर स्नानघाटांचाही स्पष्ट उल्लेख आला. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने नदी आणि ओढा यांचीही नावे घेतली.

दुसरा अडसर स्त्रियांच्या वाट्याचा होता. घाटावर धुणे धुवावे, घागर भरावी. पोहणे मात्र अशोभनीय, असा लोकसमज होता. कलकत्त्याच्या आरती साहा यांनी त्याला कृतीने उत्तर दिले. ऑगस्ट 1959 मधील त्यांचा इंग्लिश खाडी पोहण्याचा पहिला प्रयत्न फसला. 29 सप्टेंबरला, वयाच्या 19 व्या वर्षी, 16 तास 20 मिनिटे पोहून त्यांनी ती पार केली. असे करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला होत.

कायद्याने घाट मोकळा केला, धाडसाने वाट दाखविली. पाणी निर्मळ राखणे आणि प्रत्येक मुलास पोहावयास शिकविणे, एवढे काम उरले आहे. शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या नदीत कोणीच उतरत नाही. तेथे सर्वजण समान खरेच. परंतु चवदार तळ्याकडे निघालेल्यांना अभिप्रेत होती ती समता ही नव्हे.