मापाबरहुकूम

मुंबईच्या सात मूळ बेटांपैकी माझगाव हे एक. 1572 मध्ये पोर्तुगीज राजसत्तेने ते डिसूझा घराण्याला बहाल केले. त्याच घराण्याच्या आश्रयाने 1632 मध्ये तेथे ग्लोरिया चर्च उभे राहिले, जे 1911 साली पाडून पुढे भायखळ्यास नव्याने बांधण्यात आले. आणि 1774 मध्ये किनाऱ्यावर जी लहानशी गोदी खणली गेली तिचाच विस्तार होत होत आजचे माझगाव डॉक झाले. सनदा, चर्च आणि गोदी यांच्या आधारे माझगावचा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे. मला मात्र त्या इतिहासाचा एक बारीक धागा उलगडावासा वाटतो, तो म्हणजे अंगावरच्या कापडाचा. कारण वस्त्र कापून, बेतून, शिवून अंगाबरोबर बसविण्याची युरोपीय रीत मुंबईतील ज्या थोड्या वस्त्यांत प्रथम घरोघर रुळली, त्यांत माझगावातल्या म्हातारपाखाडीसारख्या ख्रिस्ती पाखाड्यांची गणना करावी लागते.

आमच्या जुन्या पेहरावाला मापाची गरज अगदी थोडी. नऊवारी लुगडे हे न कापलेले वस्त्र. तेच सडपातळ मुलीला बसते आणि चार लेकरांच्या आईलाही बसते, कारण ते बसविण्याची सर्व कला निऱ्या घालणाऱ्या हातात असते. खणाची चोळी कापावी लागे खरी, तथापि तिची गाठ पुढे बांधली जात असल्यामुळे इंच-दीड इंचाची तफावत ती गाठच सांभाळून घेई. फ्रॉकचे तसे नाही. त्याला गळा आहे, मुंढा आहे, कंबर आहे, आणि या तिन्ही जागा अंगावर ज्या ठिकाणी आहेत त्याच ठिकाणी कापडावर आल्या नाहीत तर सबंध वस्त्र फुकट जाते. माझगावात मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बायका लुगडेच नेसत; 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, आणि पुढच्या पिढ्यांत, गोव्याहून आलेल्या कुटुंबांच्या शेजाराने, लुगड्याच्या जागी फ्रॉक येत गेला. पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा आणि लग्नाचा पायघोळ पोशाख या दोन प्रसंगांनी तर कात्री घराघरांत आणली.

परंतु कात्रीबरोबर एक अडचणही आली, आणि ती केवळ ख्रिस्ती घरांची नव्हती. शिंपी पुरुष, आणि माप द्यायचे बाईने. गावगाड्यात अलुतेदार म्हणून नांदणाऱ्या शिंप्याला बंडी-अंगरखा शिवताना ज्या संकोचाचा विचार करावा लागला नव्हता, तो ब्लाउज शिवताना करावा लागला. त्यावर आपल्या समाजाने जी तजवीज काढली ती अद्याप चालू आहे: अंगाचे माप द्यायचेच नाही, जुना ब्लाउज नमुन्यादाखल पाठवायचा. मर्यादा राहिली, माप मात्र हरवले. कारण नमुन्याच्या ब्लाउजात जो दोष असेल तो पुढच्या प्रत्येक ब्लाउजात बरहुकूम उतरणार, आणि ती बाई आयुष्यभर मूळच्या एका चुकीच्या प्रती अंगावर वागवणार. माझ्या आईचा डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच उतरता होता. शिंप्याकडून आलेला प्रत्येक ब्लाउज त्या बाजूने घसरे, आणि ती दर वेळी, ‘माझंच अंग वाकडं, त्याला शिंपी काय करणार’ असे म्हणून पिन लावी. या वाक्याचे मला अद्याप दुःख होते. वाकडे अंग नव्हते. सरळ मानून बेतलेले कापड चुकीचे होते.

ही कोंडी फोडली ती शिवणयंत्राने. आयझॅक सिंगर यांनी 1851 मध्ये अमेरिकेत आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यानंतर काही दशकांतच ते यंत्र हिंदुस्थानात आले, आणि येथील सिंगर कंपनीचा कारभार दीर्घकाळ नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांच्या हाती होता. हप्तेबंदीने यंत्र विकण्याची कंपनीची रीत मध्यम स्थितीच्या कुटुंबांना मानवली. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापिले, पुढच्याच वर्षी रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्याचे सेवासदन निघाले, आणि या संस्थांनी शिवण हा स्त्रियांच्या स्वावलंबनाचा विषय मानला. 1935 मध्ये कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ यंत्राचा व्यवसाय आरंभिला, त्यामुळे पुढे देशी यंत्रही घरात येऊ लागले. कापडाची ददात तर मुंबईला नव्हतीच. परळ-लालबागच्या गिरण्या दोन-तीन मैलांवर, आणि ताग्यातून उरलेले कटपीस स्वस्त. छत्तीस इंची पन्ह्याच्या दोन वार तुकड्यातून मुलीचा फ्रॉक, बाह्या, गळपट्टी आणि वर एक खिसा काढणारी गृहिणी भूमितीचे कोणते प्रमेय सोडवीत असे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

यंत्र मिळाले तरी बेतण्याचे ज्ञान हवे, आणि मराठी घरांत ते पोचविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर के. आर. झारापकर यांच्या कर्तनपद्धतीकडे जाते. अशा पद्धतींची मुळे युरोपात सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील शिंप्यांच्या हाती मापाची फीत आली, तिच्यामागोमाग प्रमाणबद्ध बेताचे शास्त्र वाढले, आणि त्याचे मुख्य सूत्र असे की छातीचे एक माप खरे घ्यावे व बाकीची पुष्कळशी मापे त्याच्या अपूर्णांकांनी काढावीत: मुंढ्याची खोली छातीच्या चतुर्थांशाच्या आसपास, गळ्याची रुंदी बाराव्या हिश्श्याच्या आसपास. शिकणाऱ्याला हे सूत्र फार उपकारक. परंतु चौतीस इंच छातीच्या दोन बायकांचे खांदे एकसारखे नसतात, पाठीची लांबी एकसारखी नसते, आणि एकीच्या पोकामुळे पाठीचे कापड वर ओढले जाते तर दुसरीच्या ताठ चालीमुळे पुढचे. म्हणून जाणती बाई आधी मांजरपाटाचा कच्चा नमुना धावदोऱ्याने जोडी, अंगावर घाली, टाचण्यांनी सुरकुत्या धरी, आणि मगच चांगल्या कापडाला कात्री लावी. आडवी सुरकुती पडली तर तेथे कापड लांबीत जास्त आहे किंवा रुंदीत ताणले गेले आहे, आणि सुरकुती तिरपी ओढली तर ज्या टोकाकडे ती जाते तेथे अंगाला जागा हवी आहे. सुरकुत्यांची ही लिपी माझगावच्या घरांत मुली पाहून पाहून शिकल्या.

या विद्येची खरी परीक्षा पोहण्याच्या पोशाखात होते. फ्रॉकला अंगाच्या मापाहून दोन-तीन इंच ढिलाई द्यावी लागते, नाही तर श्वास घेता येत नाही; पोहण्याचा पोशाख उलट अंगाहून कमी मापाचा बेतावा लागतो, म्हणजे तो ताणून बसतो आणि पाण्यात फुगत नाही. लोकरीच्या विणीचे जुने पोशाख भिजले की जड होऊन खाली ओढले जात. ताणले जाऊन पुन्हा पूर्ववत होणारा लायक्रा हा धागा 1958 मध्ये अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीत शोधला गेला, आणि या पोशाखाचे रूपच पालटले. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुंबईची डॉली नझीर आणि बंगालची आरती साहा पोहल्या तेव्हा हा धागा जन्मलाच नव्हता, आणि 1959 मध्ये आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या तेव्हाही तो बाजारात रुळलेला नव्हता.

माझ्या धाकट्या बहिणीने दादरच्या तलावावर पोहायला जायचे ठरविले तेव्हा दुकानातून आणलेल्या पोशाखाचा डावा पट्टा प्रत्येक हाताला घसरू लागला. तिचा खांदा आईचाच होता. आईने पोशाख उसवला, कागदावर उजवी आणि डावी बाजू प्रथमच निरनिराळी काढली, आणि नवे ताणते कापड आणले. आमच्या काळ्या यंत्राला नागमोडी टीप घालता येत नसे आणि सरळ टीप ताणाखाली तुटते. म्हणून ती दोन्ही हातांनी कापड ताणून धरी आणि त्या ताणातच टीप घाली, म्हणजे सोडल्यावर दोऱ्याला सैल जागा उरे. डावा पट्टा तिने अर्धा इंच आखूड ठेवला होता. पुढच्या आठवड्यात, कपाटातले तिचे सगळे ब्लाउज डाव्या खांद्याला उसवून पलंगावर मांडलेले होते.