आठ बाय चारच्या प्लायवूडवर कळवणची रेल्वे

कळवणला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर देवळ्यावरून मनमाड गाठायचं, नाहीतर नाशिक रोड. इथल्या बऱ्याच पोरांनी रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती शिकायला किंवा नोकरीला गाव सोडताना.

असं का, ते नकाशा उघडला की कळतं. इगतपुरी, नाशिक रोड, निफाड, लासलगाव, मनमाड, नांदगाव अशी मुंबईहून भुसावळकडे जाणारी मुख्य लाइन आहे. तिच्या उत्तरेला सातमाळेची रांग. सप्तशृंग गड, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप असे एकामागे एक डोंगर, आणि शेवटी मनमाडजवळचं अंकाई. कळवण या रांगेच्या पलीकडे, गिरणेच्या खोऱ्यात. 1860च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे इंजिनियर कसाऱ्याचा थळ घाट चढून वर आले. तो घाटमार्ग 1865 साली सुरू झाला. पुढे त्यांना सपाटीने भुसावळकडे जायचं होतं. सातमाळा ओलांडायचं त्यांना काहीच कारण नव्हतं.

मग रेल्वे नसलेल्या गावात बसून मॉडेल रेल्वेवर का लिहायचं? कारण हा छंद गाड्या जमवण्यापुरता नाही. तुम्ही टेबलावर रूळ अंथरायला बसलात की खरी रेल्वे कुठं गेली, कुठं गेली नाही आणि का, हे प्रश्न तुमच्याकडे येतात. उत्तर देताना जो हिशोब करावा लागतो, तोच सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात काही इंजिनियर करत होते.

सुरुवात खेळण्यापासून करू. आगगाडीची खेळणी आगगाडीइतकीच जुनी आहेत, पण बरीच वर्षं ती जमिनीवर ढकलायची गाडी होती. 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत जर्मनीच्या मार्क्लिन कंपनीने एक संच मांडला. त्यातली मोठी गोष्ट इंजिन नव्हती, रूळ होते. ठराविक रुंदीचे तुकडे, एकमेकांत अडकवायचे, हवे तर पुढच्या वर्षी आणखी विकत घेऊन वाढवायचे. मार्क्लिन त्याआधी बाहुलीच्या भातुकलीची भांडीकुंडी बनवायची. बाहुलीच्या घरात दरवर्षी एखादी वस्तू वाढते, तशी रेल्वेही वाढवता येईल, ही तिची युक्ती. खेळण्याचं ‘नेटवर्क’ झालं ते इथं. इंग्लंडमध्ये मेकॅनो काढणाऱ्या फ्रँक हॉर्नबीने 1920 मध्ये चावीच्या आगगाड्या आणल्या. 1930च्या दशकात विजेवर चालणारी, जेवणाच्या टेबलावर मावेल अशी छोटी रेल्वे आली आणि त्यातूनच एचओ हे माप रुळलं.

एचओ म्हणजे 1:87. खऱ्या रेल्वेतले 87 मीटर इथं एक मीटर. आज जगात सगळ्यात जास्त चालणारं माप हेच.

आता कागद-पेन्सिल घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा प्लायवूड आठ बाय चार फुटांचा असतो. आठ फूट म्हणजे 2.44 मीटर. त्याला 87ने गुणलं की खऱ्या जगातले 212 मीटर होतात. आपल्या एक्स्प्रेसचा नवा डबा साधारण 24 मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर. बावीस डब्यांची गाडी उभी करायला सहा मीटर हवेत. म्हणजे अख्खी एक्स्प्रेस आपल्या प्लायवूडवर उभीसुद्धा राहू शकत नाही, धावणं दूरच.

वळणाचा हिशोब याहून वाईट. भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणाची त्रिज्या 175 मीटर धरतात. तिला 87ने भागलं की दोन मीटर. पूर्ण गोल फिरवायचा तर चार मीटर रुंद टेबल लागेल. आणि चढ? थळ घाटाचा चढ 1:37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे जाल तेव्हा एक मीटर वर. टेबलावर एका रुळावरून दुसरा रूळ पुलाने न्यायचा तर किमान आठ सेंटिमीटर उंची मिळवायला हवी. थळ घाटाच्या चढाने तेवढं वर जायला तीन मीटर लागतात. आपला प्लायवूड त्याआधीच संपतो. चढ जास्त दिला तर मॉडेलचं इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत बसतं. कसाऱ्याला गाडीला मागून जास्तीची इंजिनं का जोडतात, हे पुस्तकापेक्षा इथं लवकर कळतं.

आणखी एक गंमत रुळांच्या रुंदीची. एचओचे रूळ 16.5 मिलिमीटरचे. त्याला 87ने गुणा: 1435. हे युरोप-अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये सव्वाएकोणीस हवेत. त्यामुळे बाजारातल्या तयार रुळांवर भारतीय गाडी ठेवली की ती पावणेतीन मिलिमीटरने अरुंद रुळांवर उभी असते. बहुतेक जण इकडे डोळेझाक करतात. भारतीय इंजिनांची तयार मॉडेलं मुळातच कमी, त्यात रूळही स्वतः बनवायचे म्हटलं तर आयुष्य जाईल.

इथं दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे थोडक्यात मांडणं: बावीसऐवजी पाच डबे, पंधरा सांध्यांच्या यार्डाऐवजी तीन सांधे. काय ठेवलं म्हणजे स्टेशन ओळखू येईल आणि काय काढलं तरी चालेल, हे ठरवणं हीच लेआउट आखण्याची खरी कला. दुसरी वाट म्हणजे रेल्वेच लहान घेणं. तिथंच आपला इतिहास कामाला येतो.

19व्या शतकाच्या शेवटी बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातलं मोठं व्यापारी गाव होतं, पण मुख्य लाइन तिथून 35 किलोमीटरवर, आजच्या कुर्डुवाडीवरून गेली. माल बैलगाडीने न्यावा लागे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने हिशोब मांडला. ब्रॉडगेज परवडणार नाही, पण 762 मिलिमीटरचं नॅरोगेज परवडेल. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, म्हणजे मीटरला पंधरा किलोचे हलके रूळही पुरतात. (आज मुख्य मार्गांवर साठ किलोचे रूळ असतात.) बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला. दरम्यान 1907 मध्ये नेरळहून माथेरानला त्याहून लहान, 610 मिलिमीटरची गाडी डोंगर चढू लागली. तिची काही वळणं जेमतेम अठरा मीटर त्रिज्येची आहेत.

त्या अठरा मीटरला 87ने भागा. एकवीस सेंटिमीटर! हे वळण अभ्यासाच्या टेबलावरही बसतं. आणि बार्शीचं 762 मिलिमीटरचं गेज 1:87मध्ये जवळजवळ नऊ मिलिमीटर होतं. नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात, एन नावाच्या दुसऱ्या, अजून छोट्या मापाचे. जागा कमी, पैसे कमी, डोंगर आडवा अशा अडचणींवर कॅल्थ्रॉपने जे उत्तर काढलं, तेच उत्तर छोट्या घरातल्या छंदी माणसालाही काढावं लागतं.

टेबलाच्या वरची गोष्ट ही अशी. टेबलाखालची गोष्ट वेगळीच आहे आणि ती तुमच्या हातातल्या फोनपर्यंत येते. अमेरिकेतल्या एमआयटीत 1946 साली विद्यार्थ्यांनी टेक मॉडेल रेलरोड क्लब काढला. काही जण डोंगर, झाडं, इंजिनं रंगवायचे. उरलेल्यांचा जीव टेबलाखालच्या वायरींत आणि टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेल्या रिलेंमध्ये. एकाच वेळी अनेक गाड्या, त्यांचे सांधे आणि सिग्नल सांभाळायचे म्हणजे तर्कशास्त्राचं यंत्रच बांधावं लागत होतं. कमी वायरींत चतुराईने काम साधलं की त्याला ते ‘हॅक’ म्हणत. ही मुलं पुढं विद्यापीठातल्या नव्या कॉम्प्युटरांकडे वळली, शब्द सोबत घेऊन. 1962 मध्ये तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या सुरुवातीच्या व्हिडिओ गेममागेही या क्लबातली मुलं होती.

आता महाराष्ट्रात परत येऊ. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी हा छंद आयुष्यभर जोपासला आणि 1 एप्रिल 1998 रोजी कोथरूड भागात छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू केलं. जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम म्हणून ते ओळखलं जातं. तिथं एक अख्खं छोटं शहर आहे, त्यात रस्ते, दिवे, सिग्नल, सर्कस आहे आणि मधून वेगवेगळ्या गाड्या धावतात. शाळांच्या सहली येतात, अंधार करून शहराचे दिवे लावले की मुलं एकदम गप्प होतात.

या संग्रहालयाचं मोल नीट समजायला अमेरिकेतल्या जॉन अ‍ॅलनची गोष्ट ऐकायला हवी. कॅलिफोर्नियात घराच्या तळघरात त्याने वीसेक वर्षं खपून एक लेआउट उभा केला. नाव ‘गोरी अँड डिफीटेड’, म्हणजे रक्तबंबाळ आणि पराभूत. मासिकांतल्या त्याच्या फोटोंनी जगभरच्या छंदी लोकांना नजर दिली. 1973 मध्ये अ‍ॅलन वारला आणि काही दिवसांतच घराला आग लागून लेआउट जवळजवळ पूर्ण नष्ट झाला. आग लागली नसती तरी बहुतेक लेआउटांचं पुढं काय होतं ते ठरलेलंच असतं. करणारा गेला की घरच्यांना खोली हवी असते, आणि टेबलाला खिळलेली रेल्वे उचलून नेता येत नाही. जोशींचं शहर वाचलं, कारण त्याला वेळेत सार्वजनिक जागा, तिकीट आणि पुढची पिढी मिळाली.

खऱ्या छोट्या रेल्वेंच्या नशिबी मात्र हे आलं नाही. बार्शी लाइटची नॅरोगेज या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. प्रवाशाच्या दृष्टीने ते बरंच झालं. पण पाच टनांचा आस, हलके रूळ, छोटी स्टेशनं यांतून सिद्ध झालेली विचाराची एक पद्धत त्यासोबत नजरेआड गेली. तिचं मॉडेल कुणी केलं, तर ती परत पाहता येईल.

रेल्वे खातं स्वतः मॉडेलला खेळणं समजत नाही. भुसावळसारख्या प्रशिक्षण केंद्रांत मॉडेल रूम असते. छोट्या रुळांवर गाड्या चालवत तिथं सिग्नल आणि सांध्यांचं काम शिकवतात. टेबलावर दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, तर उचलून परत रुळावर ठेवता येतात.

तर आता आपला प्लायवूड. कळवणची लाइन आखायला बसा. पहिला प्रश्न इंजिन कुठलं हा नसतो. पहिला प्रश्न असतो: ही गाडी नेणार काय?

कळवणपाशी उत्तर आहे. उन्हाळ कांदा आहे, तोही काही महिन्यांत एकदम येणारा. म्हणजे मालधक्का लांब हवा आणि रिकाम्या वाघिणी उभ्या करायला बाजूचा रूळ हवा. चैत्रात सप्तशृंगीची यात्रा आहे, खानदेशातून लोक पायी चालत येतात. म्हणजे वर्षातले थोडे दिवस भरून वाहणारा आणि एरवी मोकळा असणारा जास्तीचा फलाट हवा. लाइन येणार कुठून? दक्षिणेकडून आणली तर सातमाळा आडवी. माणसं खानदेशातून येतात आणि गिरणाही तिकडेच वाहते, तेव्हा नदीचं खोरं धरून पूर्वेकडून आणलेली बरी. बघता बघता तुम्ही एका तालुक्याचं अर्थकारण आणि भूगोल आखलेला असतो.

मग टेबल एक कटू गोष्टही दाखवतं. नॅरोगेज जिथं ब्रॉडगेजला भेटते, तिथं प्रत्येक गोणी एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागते. कांद्यासारखा नाजूक माल दोनदा आपटला जातो. शेताच्या बांधावर भरून थेट वाशीला जाणारा ट्रक इथं जिंकतो. देशातल्या कितीतरी छोट्या लाइन अशाच हरल्या. ट्रक नसता, 1910 साल असतं, तर कळवणचा हिशोब कदाचित जमला असता.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मनमाड–इंदूर या 309 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. मालेगाव, धुळे करत तो उत्तरेला जाईल. कळवण त्यावर नाही. पण गिरणेच्या खोऱ्यात मालेगावपर्यंत रूळ येणार असतील, तर वरच्या अंगाच्या तालुक्यांना विचारण्यासारखं बरंच आहे: कांद्याला मालधक्का कुठं, शीतगृह कुणाचं, यात्रेच्या दिवसांत जादा गाडी आणि तिला जोडून एसटी मिळेल का?

आठ बाय चारचा प्लायवूड, सनबोर्ड, फेविकॉल आणि नऊ मिलिमीटरचे दोन-चार मीटर रूळ घेऊन एखाद्या शाळेच्या वर्गाने हे मांडायचं ठरवलं, तर पहिल्याच दिवशी भांडण होईल. मालधक्का बाजार समितीजवळ हवा की नदीपलीकडे? ते भांडण होऊ द्यावं. मोठी माणसं रेल्वे आखताना याच मुद्द्यावर भांडतात.