लेस्टरचा राजा आणि माझी पणजी

गेल्या दिवाळीत लेकीने मला एक छोटी पेटी भेट दिली. मला वाटले अत्तर असेल. उघडली तर आत प्लॅस्टिकची नळी! "आई, यात थुंकायचं आणि पोस्टात टाकायचं. आपले पूर्वज कुठले ते कळतं." थुंकून पूर्वज शोधायचे, हे ऐकून चिपळूणची मावशी फोनवर इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

पण लेस्टरमध्ये राहणाऱ्याने या गोष्टीला हसू नये. १० सप्टेंबर १९८४ रोजी सकाळी इथल्याच विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए ठशांची पद्धत सापडली. तिचा पहिला उपयोग गुन्हेगार पकडण्यासाठी झाला, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. घानाहून परतणाऱ्या एका मुलाला इमिग्रेशनवाल्यांनी अडवले होते. १९८५ साली जेफ्रीज यांच्या चाचणीने तो त्याच आईचा मुलगा असल्याचे सिद्ध झाले आणि मायलेकरे एकत्र राहिली. जन्मदाखल्यांच्या फायली घेऊन व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या मंडळींना याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट राजाची. तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि लेस्टरच्या ग्रेफ्रायर्स मठात पुरला गेला. पुढे मठ गेला, त्या जागी कार पार्क आला. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे खणायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी सांगाड्याच्या पायाची हाडे दिसली. पण हा राजाच कशावरून? रिचर्डला स्वतःचा वंश उरला नव्हता. म्हणून त्याच्या बहिणीचा, अ‍ॅन ऑफ यॉर्कचा, वंश शोधला. तोही लेकीच्या लेकीच्या लेकीकडून. पेशींमधला 'मायटोकॉन्ड्रिया'चा डीएनए फक्त आईकडून मिळतो. भावाबहिणीत तो एकच असतो, पण पुढे नेते ती बहीण. भावाच्या बाबतीत तो त्याच्याबरोबरच संपतो.

अशा सतरा पिढ्या उतरून शोध येऊन थांबला तो मायकेल इब्सेन यांच्यापाशी. कॅनडात जन्मलेले, लंडनमध्ये लाकडी फर्निचर बनवणारे गृहस्थ. तुरी किंग यांच्या चमूने दोघांचा मातृवंशाचा डीएनए ताडून पाहिला आणि तो तंतोतंत जुळला. २०१५ मध्ये राजाला पुन्हा मूठमाती दिली तेव्हा त्याची शवपेटीही इब्सेन यांनीच बनवली होती.

गंमत पुढेच आहे. बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्रही तपासले. कागदोपत्री रिचर्डच्याच पुरुषवंशात बसणाऱ्या पाच जिवंत माणसांशी ते ताडले, पण एकाशीही जुळले नाही. म्हणजे सरदारांच्या वंशावळीत, चामड्याच्या बांधणीच्या ग्रंथांत जपलेली बापाची साखळी मध्येच कुठेतरी तुटली होती. टिकली ती बायकांची, जिचे कुणी फारसे कौतुक केले नव्हते.

हे वाचले आणि मला आमच्या सासरचा कुलवृत्तान्त आठवला. त्यात पुरुषांच्या बारा पिढ्या आहेत. बायकांच्या नावापुढे बहुधा रेघ.

आता नळीत थुंकून हजारो वर्षांपूर्वीचे कसे कळते, ते थोडक्यात सांगते. मातृवंशाचा डीएनए म्हणजे १६,५६९ अक्षरांची एक पट्टी. आईकडून लेकीकडे नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते, आणि तो बदल पुढच्या सगळ्या लेकींत उतरतो. जगभरच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या की बदलांवरून एक झाड उभे राहते आणि बदलांच्या वेगावरून फांद्यांचे वय काढता येते. अर्थात तो अंदाजच असतो, हजारो वर्षांनी मागेपुढे होणारा.

रिचर्डची फांदी निघाली जे१सी२सी. या 'जे' फांदीचे मूळ पश्चिम आशियात मानतात. तिच्या लेकी युरोपात पोचल्या त्या बहुतांशी पहिल्या शेतकऱ्यांबरोबर. इंग्लंडच्या राजाची आद्य आजीही बाहेरूनच आलेली!

माझी फांदी 'एम' निघाली. निम्म्याहून अधिक भारतीयांची हीच असते, त्यामुळे मिरवण्यासारखे त्यात काही नाही. पण ही फांदी पन्नास ते साठ हजार वर्षांची, आफ्रिकेतून निघालेल्या माणसांची. तिच्या कितीतरी डहाळ्या भारताबाहेर जवळजवळ सापडतच नाहीत. माझा आणि मावशीचा मातृवंश एकच, म्हणून तिलाही फोन करून कळवले. ती म्हणाली, "मग मी उगाच हसले गं."

इथे एक पथ्य पाळायला हवे. दहा पिढ्या मागे, म्हणजे साधारण पेशवाईच्या सुरुवातीला, माझे १,०२४ पूर्वज होते. मातृवंश त्यातल्या एकीचाच पत्ता सांगतो. बाकीच्यांसाठी उरलेली गुणसूत्रे पाहावी लागतात. कंपनी जे टक्के देते ते मात्र बहुधा आज जिवंत असलेल्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेले असतात. नमुने बदलले की टक्के बदलतात. माझे सहा महिन्यांत बदलले, थुंकी तीच असून!

खरा प्राचीन काळ गाठायचा तर प्राचीन हाडेच लागतात, आणि आपल्या उष्ण हवेत हाडांतला डीएनए टिकत नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी हरियाणात राखीगढीला उत्खनन केले. तिथल्या ६१ नमुन्यांपैकी एकानेच साथ दिली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक स्त्री! २०१९ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. तिच्यात दोन प्रवाह दिसले: इराणकडच्या प्राचीन लोकांशी नाते सांगणारा एक आणि भारतातल्या जुन्या शिकारी लोकांचा दुसरा. तिसरा प्रवाह, मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा, तिच्यात नव्हता. तो इकडे आला इसवी सनापूर्वी २००० नंतर, आणि त्याची खूण आईच्या फांद्यांपेक्षा बापाच्या फांद्यांत जास्त दिसते. पुढे हे सगळे एकमेकांत खूप मिसळले. जातीबाहेर लग्न न करण्याची कडक रीत त्यानंतरची, असे गुणसूत्रे सांगतात. 'आमच्यात बाहेरचं चालत नाही' म्हणणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हे मी अजून सांगितलेले नाही.

आपल्या कोकणातलेच आणखी एक उदाहरण बेने इस्रायल समाजाचे. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, असे ते परंपरेने सांगतात. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर आढळले. मातृवंश मात्र बहुतांशी इथलेच. म्हणजे गलबताच्या कथेत नसलेल्या कोकणातल्या बायकाही त्यांच्या आज्या होत्या.

मग मीच एक वही घेतली. माझे नाव, त्यावर आईचे, त्यावर आजीचे. पुढची पणजी. तिच्यापाशी अडले. मावशीला विचारले तर तिला सासरचे नाव ठाऊक, माहेरचे नाही, कारण लग्नात नाव बदललेले. "तिला सगळे काकीच म्हणायचे. नाव कोण विचारतंय?"

पन्नास हजार वर्षांमागची फांदी ठाऊक, आणि चौथ्या पायरीवर नाव नाही.

आठवड्याने मावशीचाच फोन आला. देवरुखच्या मामेभावाकडे पणजीच्या माहेरची एक जुनी पोथी आहे आणि तिच्या मागच्या पानावर मुलांच्या जन्मवेळा टिपलेल्या आहेत म्हणे. "मुलींच्याही लिहिल्यात का, ते बघायला सांगितलंय," ती म्हणाली.