प्लास्टर : हाडाबाहेरून हाडाच्या आत

निमगाव सावा येथे कुणाचा पाय मोडला, की हाडवैद्याकडे न्यायचे की प्लास्टर घालायचे, असा वाद घरोघरी होतो. प्लास्टर ही विलायती विद्या, असा आपला समज. वस्तुस्थिती वेगळी आहे. दहाव्या शतकात अबू मन्सूर मुवफ्फक या हकिमाने आपल्या फारसी औषधिग्रंथात मोडलेल्या हाडावर जिप्समचा लेप सांगितला होता. युरोपात प्लास्टरची पट्टी रूढ केली ती डच लष्करी शल्यवैद्य माथायसेन यांनी, १८५२ च्या सुमारास.

मात्र कातडी फाटून हाड उघडे पडले व त्यात माती गेली, तर पट्टी पुरी पडत नाही. पू होतो, हाडाचा तुकडा मरतो. (अशा जखमेवर हळद किंवा पाल्याचा लेप थापू नका, स्वच्छ कापड झाकून त्वरित दवाखाना गाठा. उशिरापायी पाय जातो.) मेलेल्या हाडात रक्त फिरत नाही, मग सुईने दिलेले औषध तेथे पोहोचणार कसे?

जर्मनीच्या ड्रेसमान यांनी १८९२ साली तेच जिप्सम कार्बॉलिक आम्लाच्या द्रावणात कालवून हाडातील पोकळीत भरले. बाहेरचा लेप आत गेला, आणि औषध बरोबर घेऊन गेला! पण खरी प्रतिजैविके अजून यायची होती. आपल्या जिल्ह्यात पिंपरीला पेनिसिलीन होऊ लागले तेच मुळी १९५५ साली.

१९७० मध्ये हँबुर्गचे बुखहोल्झ यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळले. सिमेंट घट्ट होताना तापते. हे औषध ती उष्णता सोसते. पुढे क्लेम यांनी अशा सिमेंटचे मणी तारेत ओवले, तसबीहच म्हणा ना. परंतु ते मणी पुन्हा शस्त्रक्रिया करून काढावे लागत. जिप्समचे मणी काही आठवड्यांत आपोआप विरघळतात. म्हणून हकिमांचे ते जुने द्रव्य प्रतिजैविकासह आज पुन्हा वापरात आले आहे.

जंतू मेले, तरी पोकळी भरायची राहतेच. क्षार काढून टाकलेले हाड जनावराच्या स्नायूत ठेवले, तर तेथे नवे हाड तयार होते, हे अमेरिकेच्या युरिस्ट यांनी १९६५ साली दाखविले. हाड वाढविणारे तसले प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून मणक्याच्या शस्त्रक्रियेत वापरण्यास तेथे २००२ साली परवानगी मिळाली. उपचार महाग, आणि सुजेसारखे दोषही नंतर उघड झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी याच पोकळीसाठी रेशमातील प्रथिनाचे सच्छिद्र द्रव्य घडविले आहे.