पवनचक्कीच्या कामगिरीचे पूर्वानुमान

पवनचक्कीच्या कामगिरीचे पूर्वानुमान म्हणजे वायुबोगद्यात मोजलेल्या वायुगतिकीय माहितीवरून, पवनचक्की कोणत्या वेगाच्या वाऱ्यात किती वीज देईल आणि तिच्या पात्यांवर किती भार येईल, हे उभारणीपूर्वीच गणिताने ठरविणे. पात्यांची लांबी, पीळ व मजबुती या गणितावर अवलंबून असतात.

पद्धत

पात्याच्या आडव्या छेदाच्या आकारास वातपर्ण म्हणतात. त्याचा नमुना वायुबोगद्यात वाऱ्याशी निरनिराळे कोन करून ठेवतात आणि प्रत्येक कोनास उत्थापन व ओढ या बलांचे गुणांक मोजतात. पुढे पात्याचे लांबीच्या दिशेने अनेक तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल या गुणांकांवरून काढले जाते. हे बल आणि त्या ठिकाणी वाऱ्याच्या संवेगात होणारा बदल यांचा मेळ बसेपर्यंत आकडेमोड पुनःपुन्हा करतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ हर्मन ग्लाउअर्ट यांच्या विवेचनावर आधारलेल्या या पद्धतीस पाते-घटक संवेग पद्धत म्हणतात.

मर्यादा

बोगद्यातील नमुना स्थिर असतो. प्रत्यक्ष पाते फिरत असते. कोन फार वाढल्यास हवेचा प्रवाह पृष्ठभागापासून सुटतो व उत्थापन घटते. यास स्टॉल म्हणतात. फिरत्या पात्याच्या मुळाजवळ मात्र स्टॉल उशिरा येतो. त्यामुळे तेथील प्रत्यक्ष उत्थापन मोजलेल्या गुणांकांपेक्षा अधिक भरते व गणितात दुरुस्ती करावी लागते.

एम्स येथील चाचणी

अमेरिकेच्या राष्ट्रीय पुनर्नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००० साली कॅलिफोर्नियातील नासाच्या एम्स केंद्रात, २४.४ मीटर उंच व ३६.६ मीटर रुंद वायुबोगद्यात, सुमारे १० मीटर व्यासाची दोन पात्यांची पवनचक्की तपासली. पात्यांसाठी एस८०९ हे वातपर्ण वापरले होते. मोजमापे उघड करण्यापूर्वी तज्ज्ञांकडून अंदाज मागविण्यात आले. यंत्राची मापे व वातपर्णाची माहिती त्यांना पुरविली होती. सेकंदास ७ मीटर वाऱ्यात, स्टॉल नसतानाही, शक्तीचे अंदाज मोजलेल्या मूल्याच्या २५ ते १७५ टक्के निघाले. अधिक वेगाच्या वाऱ्यात, स्टॉलच्या स्थितीत, ते ३० ते २७५ टक्के होते.

महत्त्व

भाराचा अंदाज अनिश्चित असल्यास अभियंते सुरक्षेसाठी पाती गरजेपेक्षा जड करतात व खर्च वाढतो. अंदाज कमी पडल्यास पाते मोडण्याचा धोका असतो. म्हणून एम्स येथील मोजमापे नव्या संगणकीय पद्धती पडताळण्यासाठी आजही वापरली जातात.