चातुर्मासातले धणे आणि कार्तिकातली कोथिंबीर



लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, त्या पहिल्याच चातुर्मासात आमटीवर कोथिंबीर घालायला गेले आणि सासूबाईंनी माझा हात धरला. माहेरी पालेभाज्या फक्त पर्युषणात बंद असायच्या. मी विचारलं, "का हो आई?" उत्तर आलं, "आपल्यात चालत नाही." बस्स. बी.कॉम. झालेल्या मला ते उत्तर फार लागलं होतं.

गेल्या आषाढात सूनबाईने विचारलं, "आई, कोथिंबीर चालत नाही, मग धणे कसे चालतात? झाड तर एकच!" आणि माझ्या तोंडून तेच शब्द निघाले, "आपल्यात चालत नाही." ती गप्प झाली. ते गप्प होणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं. म्हणून पुस्तकं काढून बसले.

कोथिंबिरीचं संस्कृत नाव कुस्तुंबुरु. पाणिनीच्या व्याकरणातही ते आहे, म्हणजे दोन हजारांहून जास्त वर्षांचं. आमच्या सोसायटीतल्या गुजराती भगिनी कोथमीर म्हणतात, कानडी भगिनी कोत्तंबरी. एकाच घराण्यातली ही नावं! मूळ रोप मात्र पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या बाजूचं. इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर १९२२ मध्ये सापडली, त्यातल्या सामानात धणेसुद्धा होते. ती कबर तीन हजार वर्षांहून जुनी.

एवढा प्रवास धण्यांनाच जमतो. वाळलेले धणे बरणीत वर्षभर राहतात. कोथिंबिरीची जुडी दुसऱ्या दिवशी मान टाकते. वासही वेगळा. हिरवं फळ पिकून वाळलं की त्याचा उग्र वास जातो आणि गोडसर सुगंध येतो. झाड एक, पण स्वयंपाकघरात वस्तू दोन.

आता नियमाकडे येऊ. तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरजींनी 'सागारधर्मामृता'त श्रावकाला पावसाळ्यात पालेभाजी वर्ज्य सांगितली आहे. त्यांच्या कितीतरी आधी आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त मुळा, ओलं आलं वगैरे सोडायला सांगताना कारणही दिलं आहे. आपल्याला मिळणारं फळ थोडं आणि जीवांचा घात फार. मैत्रिणींनो, हा तर सरळ जमाखर्च! कॉलेजात ताळेबंद शिकले, पण हा ताळेबंद मला कोणी समजावून दिला नव्हता. ओलं आलं नाही पण सुंठ चालते, त्यातलीच ही गोष्ट. कोथिंबीर नाही, पण वाळलेले, भाजून कुटलेले धणे चालतात.

पटत नसेल तर जुलैत ठाण्याच्या जांभळी नाक्यावर जाऊन जुडी सोडून बघा. देठांना चिखल, मधली पानं सडलेली आणि पानामागे बारीक किडे. कितीही पाण्यांतून धुतली तरी ते मरणार आपल्याच हातून. शेजारणी वाटणात मुळंही घालतात, त्यांनी स्वाद छान येतो म्हणतात. आपण मात्र मुळं बारा महिने कापूनच टाकतो.

चार महिने पान गेलं तरी धणे आपल्याला सोडत नाहीत. धणे-जिऱ्याची पूड आमटीला असतेच, उन्हाळ्यात अंगात उष्णता झाली की धण्याचं पाणी असतं. धनत्रयोदशीला घरोघरी धणे आणि गुळाचा नैवेद्य दाखवतात. धणे म्हणजे धन, अशी लोकांची समजूत. काही घरांत तेच धणे कुंडीत पेरतात आणि दाट उगवले तर वर्ष भरभराटीचं मानतात. आपल्याकडे त्या दिवसाला धन्य तेरस म्हणतात, महावीर प्रभू निर्वाणापूर्वी त्या दिवशी ध्यानात गेले त्याची आठवण म्हणून. मी धणे पेरते ते कोथिंबिरीसाठी. आधी हलके रगडून घ्यायचे, एका धण्याच्या दोन डाळी होतात आणि दोन रोपं येतात.

हे सगळं मी सूनबाईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "आई, दहा दिवस मी नक्की पाळीन. चार महिन्यांचं अजून जमेल असं वाटत नाही." बाकीच्या दिवशी तिच्या ऑफिसच्या डब्यात कोथिंबीर असते. मी बोलत नाही. नियम ज्याने त्याने समजून घ्यायचा असतो, हात धरून लावायचा नसतो.

कार्तिकात चातुर्मास संपला की पहिल्या जुडीच्या वड्या मात्र आम्ही दोघी मिळून करतो.

जय जिनेंद्र.