‘मेन’च्या आधी, ‘मेन’च्या नंतर: प्रॅग्मा स्टार्टअपची कुळकथा

सी भाषेतील प्रोग्रॅम ‘मेन’ या फंक्शनपासून सुरू होतो असे शिकवले जात असले, तरी स्टॅक उभा करणारा आणि ‘मेन’ परतल्यावर फाइली बंद करणारा कोड कंपायलर आपल्या पदरचा जोडतोच. युनिक्समध्ये तो ‘सीआरटी-झिरो’ या नावाने ओळखला जाई, तर बोर्लंडच्या टर्बो सीमध्ये ‘सी-झिरो’ या नावाने. बारामती तालुक्यातील माळेगाव किंवा इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील साखर कारखान्यात गव्हाणीत मोळी पडण्याआधी बॉयलरचे अग्निप्रदीपन उरकलेले असते, तसाच हा प्रकार होय. या आधीच्या टप्प्यात प्रोग्रामरला स्वतःचे फंक्शन घुसवण्याची मुभा कशी मिळाली, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना ही मुभा बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’मुळे परिचित झाली, कारण त्यात ‘प्रॅग्मा स्टार्टअप’ आणि ‘प्रॅग्मा एक्झिट’ या दोन ओळी उदाहरणासह दिल्या आहेत. प्रॅग्मा म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना. मात्र या दोन सूचना सी भाषेच्या प्रमाणात नाहीत, त्या बोर्लंडच्या आहेत.

बोर्लंडला त्यांची गरज का पडली, याविषयी दोन तर्क संभवतात. पहिला असा की, त्या 1989 च्या प्रमाणातील ‘ॲट-एक्झिट’चे भावंड आहेत, किमान 32 फंक्शने नोंदवून ती उलट्या क्रमाने चालवण्याची सोय त्यात आहे आणि बोर्लंडचा समारोपही उलट्याच क्रमाने होतो, त्यामुळे हा तर्क सहज झटकता येत नाही. तथापि प्रमाणाने शेवटाची सोय केली, आरंभाची केलीच नाही, ही गोष्ट त्यात बसत नाही. सीमध्ये जागतिक चलांचे आरंभमूल्य स्थिरच असावे लागते, म्हणून ‘मेन’पूर्वी काही चालवण्याची निकड भासत नाही, सी-प्लस-प्लसमध्ये मात्र जागतिक वस्तू घडवण्यासाठी कन्स्ट्रक्टर नावाचे फंक्शन ‘मेन’पूर्वी चालावे लागते. बेल लॅब्सच्या ‘सीफ्रंट’ने 1985 मध्ये ही अडचण मोठ्या खटपटीने सोडवली होती: ‘मंच’ नावाचा प्रोग्रॅम जोडणी झालेल्या फाइलीतील नावे चाळून अशा फंक्शनांची यादी करी आणि फाइल पुन्हा जोडली जाई. बोर्लंडने त्याऐवजी अग्रक्रमासह पत्त्यांचा तक्ता ठेवला, आणि प्रॅग्मा हे त्याच तक्त्याला प्रोग्रामरसाठी पाडलेले दार असावे. अग्रक्रमांपैकी 0 ते 63 लायब्ररीसाठी राखून प्रोग्रामरला 64 ते 255 दिलेले आहेत, म्हणजे तक्त्यात लायब्ररीचीही वस्ती होती, एवढे पहिल्या तर्काच्या बाजूने मान्य करावे लागते. तरी मूळ गरज सी-प्लस-प्लसचीच, हा दुसरा तर्क अधिक टिकाऊ आहे.

जीसीसी या मुक्त कंपायलरने तेच काम ‘कन्स्ट्रक्टर’ आणि ‘डिस्ट्रक्टर’ या गुणविशेषांनी साधले. तेथे 0 ते 100 हे अग्रक्रम राखीव असून पत्ते आता बहुधा ‘इनिट-ॲरे’ या विभागात ठेवले जातात. अनोळखी प्रॅग्मा जीसीसी ओलांडून जातो, म्हणून बोर्लंडच्या त्या दोन ओळी तेथे विनातक्रार कंपाइल होतात आणि पडद्यावर फक्त ‘मेन’चे आउटपुट उमटते, इशारा हवा असल्यास ‘वॉल’ हा पर्याय द्यावा लागतो. जुने उदाहरण नव्या कंपायलरवर चालवणाऱ्याने प्रॅग्मा काढून त्या जागी हे गुणविशेष लिहावेत.